काइटसर्फिंगचा क्लास लावला की वारा गायब, नाहीतर नको तेवढा: दर वेळी असं का होतं आणि काय बघून तारीख घ्यायची

पुण्यातून काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून जायचं, ते शिकायला जाणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्स पकडली, शनिवारी सकाळी गोव्यात मांद्रे नाहीतर आश्वे-मोरजीला पोचलो, आणि दोन दिवस केलं काय तर वाळूत बसून शहाळी प्यायलो, इन्स्ट्रक्टर समुद्राकडे बघत "अभी आएगा" म्हणत होता, शेवटी रविवारी कसाबसा तासभर काइट उडवला आणि परतीची बस. काहींचं बरोबर उलटं, वारा एवढा की काइटनी उचलून वाळूवर आपटलं आणि आता त्या बारला (काइटच्या दोऱ्यांचा दांडा) हात लावायची भीती बसलीये. मग विचारतात, माझं वजन जास्त आहे का, माझ्या हातात जोर नाही का, वय झालं का. बहुतेक वेळा यातलं काही नसतं हो, तारीख आणि तास चुकीचा घेतलेला असतो.

गडबड अशी होते की सगळे अ‍ॅप उघडतात आणि पहिला आकडा बघतात, १४ नॉट (वाऱ्याच्या वेगाचं माप), चला निघू. आकडा ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. आधी दिशा, मग वारा सलग आहे की धक्के मारतोय, मग दिवसाचा कुठला तास, आणि हे सगळं जमलं तर आकडा. कोणाचं नेमकं काय बिघडतंय त्याप्रमाणे खाली लिहितोय, आपलं लक्षण शोधा.

अ‍ॅपवर भरपूर वारा, बीचवर पानही हलत नाही

आधी युनिट बघा. हसू नका, हे खूप जणांचं होतं. फोनवर किमी प्रति तास सेट असतं आणि माणूस २० बघून खूश होतो, ते २० म्हणजे जेमतेम ११ नॉट. उलट २० नॉट म्हणजे ३७ किमी प्रति तास, ते नवशिक्याचं काम नाही. कुठे मीटर प्रति सेकंद असेल तर दुप्पट करा म्हणजे साधारण नॉट येतात, ७ चे १४. सेटिंगमध्ये जाऊन एकदाच नॉट करून टाका आणि विषय संपवा.

युनिट बरोबर असेल तर मग तास बघा. परवाच एका पोराने स्क्रीनशॉट पाठवला, "दादा, शनिवारी १३ दाखवतंय, निघू का?" शनिवारची ओळ अशी होती: सकाळी ८ ला ७ नॉट पूर्वेकडून, ११ ला ३ नॉट आणि बाण कुठल्याही दिशेला, दुपारी २ ला १० नॉट वायव्येकडून, ५ ला १३ नॉट वायव्येकडून आणि गस्ट, म्हणजे वाऱ्याचा मधलाच धक्का, १६, रात्री ८ ला परत ५. ओळ चांगली आहे, शिकण्यासारखी आहे. आणि पठ्ठ्याने क्लास कुठला घेतलेला? सकाळी ९ ते ११, कारण त्याला डिस्काउंट होता. अरे बाबा, तो डिस्काउंट का आहे ते त्याच ओळीत लिहिलंय!

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले आठवतात का, तेच आहे हे सगळं. गोवा-कोकण किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर रोजचा वारा याच दोघांचा असतो. रात्री जमीन लवकर गार होते म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो मतलई. ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत शिरते, तो खारा वारा, आणि आपल्याला लागतो तो हा. दोघांच्या मध्ये, सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, हवा एकदम पडते, समुद्र तेलासारखा होतो, आणि नवीन माणसाला वाटतं गेला आजचा दिवस. उलट ती शांतता म्हणजे वारा फिरायला लागलाय, त्यावेळी जेवून घ्यायचं. साधारण एक-दीडनंतर पाण्यावर बारीक काळपट सुरकुत्या किनाऱ्याकडे सरकताना दिसतात, मग तुरळक पांढरे फेस, आणि तीन ते साडेपाच हा दिवसाचा सगळ्यात कामाचा वेळ.

आता हा वारा उन्हावर चालतो, म्हणजे ढगाळ दिवशी तो येतच नाही किंवा आळसावलेला येतो. अ‍ॅपवर वाऱ्याच्या ओळीखाली ढगांची ओळ असते ती कोणी बघत नाही, ती बघा. डिसेंबर-जानेवारीत पूर्वेचा वारा जोर धरून असेल तर तोही खाऱ्या वाऱ्याला दुपारी उशिरापर्यंत अडवून धरतो, मग साडेतीनला सुरू आणि साडेपाचला खलास.

अ‍ॅपला पण फार शिव्या देऊ नका. त्यांच्या मागचं जीएफएस हे अमेरिकन हवामान मॉडेल साधारण १३ किलोमीटरच्या चौकटीत विचार करतं, युरोपियन वालं ९ किलोमीटरच्या. एका चौकटीत अर्धा समुद्र, अर्धी जमीन, थोडा डोंगर असं सगळं येतं, त्यामुळे किनाऱ्याच्या पट्ट्यातला खारा वारा त्यांना नीट पकडता येत नाही, बऱ्याचदा कमीच दाखवतात. यावर उपाय स्वस्त आहे. खारा वारा सवयीचा गुलाम असतो, आकाश तसंच राहिलं तर काल जे झालं तेच आज होतं. निघायच्या आधी स्कूलला मेसेज टाकून एवढंच विचारा की गेले तीन दिवस वारा किती वाजता सुरू झाला आणि कुठला काइट काढला होता. "वारा कसा आहे" असं विचारलंत तर उत्तर कायम "मस्त है, आ जाओ" असंच येणार, त्यांचंही पोट आहे.

वारा तर आहे, तरी इन्स्ट्रक्टर पाण्यात सोडत नाही

इथे चिडू नका, तो माणूस बरोबर आहे. समुद्राकडे तोंड करून उभे रहा. वारा मानेवर लागत असेल तर तो जमिनीवरून समुद्राकडे चाललाय. अशा वाऱ्यात पाण्यात पडलात, काइट फुस्स झाला, तर वारा तुम्हाला आत नेणार आणि रेस्क्यू बोट नसेल तर पुढचं मी लिहीत नाही. सकाळचा मतलई वारा कधीकधी १२-१४ पर्यंत जातो, किनाऱ्याजवळ पाणी अगदी सपाट दिसतं, आणि म्हणूनच तो फसवतो. आकडा कितीही छान असू दे, नवशिक्याने नाही म्हणायचं.

वारा सरळ नाकावर येत असेल तर बुडायची भीती कमी, पण काइट तुम्हाला सारखा वाळूकडे, झाडांकडे, शॅककडे ओढत राहणार आणि लाटा पण थेट अंगावर. हवा असतो तो तिरका, किनाऱ्याला थोडा समांतर आणि थोडा आत येणारा. गोव्याच्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या बीचवर वायव्येचा वारा उजव्या गालावर लागतो, काही बिघडलं तरी तुम्ही फिरून किनाऱ्यालाच लागता. देवानेच दिलेली सोय आहे ती.

दिशेच्या बाबतीत एक नेहमीचा घोळ. वायव्य वारा म्हणजे वायव्येकडून येणारा, वायव्येला जाणारा नव्हे. विंडी अॅपवर रेघा पळताना दिसतात त्या वारा जातो त्या बाजूला, आणि आकड्यात लिहिलेले अंश असतात येतो त्या बाजूचे. त्यामुळे ३१५ दिसलं आणि रेघा आग्नेयेला पळतायत, तर दोन्ही बरोबर आहेत.

दुसरं कारण लाटा. वारा १५ आणि दिशा सुंदर, पण लांबून आलेली दीड मीटरची लाट किनाऱ्यावर फुटत असेल तर नवीन माणूस बोर्ड पायात घालेपर्यंत दमून जातो. वाऱ्याचं अ‍ॅप हे सांगत नाही, लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा समुद्राचा अंदाज बघा, लाटेची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद दोन्ही. अर्ध्या-पाऊण मीटरपर्यंत ठीक. सेकंद जास्त म्हणजे लाटेत दम जास्त, उंची तेवढीच दिसली तरी.

आणि तिसरं, बीचच शिल्लक नसणं! उधाणाच्या भरतीला काही ठिकाणी वाळूची एवढी बारीक पट्टी उरते की २०-२४ मीटरच्या दोऱ्या पसरायलाच जागा नाही. आपल्याकडे कोकणातली जुनी माणसं तिथीवरून भरती काढतात, तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला ३, पंचमीला पावणेचार, म्हणजे नेमकी वारा जोरात असतो तेव्हाच भरती. अष्टमीला ६ येतात, म्हणजे दुपारी ओहोटी आणि त्यात भांगाचं पाणी, फारसं वर चढतच नाही. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास उधाण, पण दुपारभर पाणी उतरत जातं आणि वाळू वाढत जाते, ते पण चालतं. मुंबई-अलिबाग पट्ट्यात हे स्थूलमानाने बसतं, गोव्यात भरती थोडी आधी येते. तारीख घेताना कॅलेंडरवर चतुर्थी बघणारे सर्फर आपणच असू, पण उपयोग होतो.

काइट मध्येच मेल्यासारखा पडतो आणि मध्येच खांदे उखडतो

हे लक्षण घेऊन येणारे सगळ्यात जास्त, आणि यांना सगळ्यात जास्त वाटतं की आपलंच चुकतंय. तर वारा दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते, वेगाच्या वर्गात वाढते ती. १२ वरून १७ नॉट झाले की तुम्हाला आकडा पाचनेच वाढलेला दिसतो पण हातातली ओढ दुप्पट झालेली असते. आता सरासरी १५ आणि गस्ट २२ असा दिवस घ्या, दर मिनिटाला कधीतरी ओढ दुपटीच्या वर जाणार आणि परत खाली येणार. मुरलेला माणूस बार ढकलून, बोर्डच्या कडेवर जोर देऊन हे गिळतो. तुम्ही अजून काइट घड्याळाच्या १२ वर, म्हणजे सरळ डोक्यावर, उभा ठेवायला शिकताय. अशा वाऱ्यात शिकणं म्हणजे गणपतीच्या आदल्या संध्याकाळी लक्ष्मी रोडवर दुचाकी शिकणं.

म्हणून सरासरीच्या खाली जी गस्टची ओळ असते ती आधी बघायची. माझा नियम साधा, दोघांत चार-पाच नॉटचं अंतर असेल तर जायचं, सात-आठ झालं तर क्लास पुढे ढकलायचा, मग सरासरी कितीही गोड दिसो. सलग १३ नॉटचा दिवस हा १० ते २० मध्ये उड्या मारणाऱ्या दिवसापेक्षा कधीही भारी.

बीचवर पोचल्यावर डोळ्यांनी पण तपासा. स्कूलचा झेंडा दोन मिनिटं नुसता बघत बसा, आडवा राहून फडफडतोय की मध्येच लोंबतोय, मध्येच ताठ होतोय. हातात धरायचा वाऱ्याचा मीटर असेल तर एकदा बघून खिशात टाकू नका, तीन-चार मिनिटं धरा आणि सगळ्यात कमी-सगळ्यात जास्त लिहा. आणि मीटर पाण्याच्या कडेला जाऊन धरा, शॅकच्या मागे नाही. माड, इमारत, टेकडी, कुठल्याही अडथळ्याच्या मागे त्याच्या उंचीच्या सात-दहा पट अंतरापर्यंत वारा फाटलेला असतो, १० मीटरची माडांची रांग म्हणजे शंभर मीटर खराब हवा.

याच कारणाने खडकवासल्याला कोणी नवशिक्यांना का शिकवत नाही याचं उत्तर मिळतं. दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतंच, एवढं पाणी, एवढा वारा, गोव्याला कशाला मरायला जायचं. पाणी पुण्याच्या पिण्याचं, एका बाजूला लष्कराची एनडीए, हे सोडा, पण वारा डोंगर उतरून वळसे घेत येतो, अर्ध्या मिनिटात दिशा बदलतो. तिथे शिडाच्या होड्या चालवणारे लोक या वाऱ्यावर पक्के होतात ते वेगळं, पण होडी तुम्हाला हवेत उचलत नाही. कामशेतला पॅराग्लायडिंग करणाऱ्यांनी पण एक लक्षात घ्या, तुमचा चांगला दिवस म्हणजे आमचा रिकामा दिवस, ८-१० नॉटमध्ये तुम्ही मजेत उडता, आमचा काइट पाण्यात पडला तर परत उठत नाही.

मग आकडा किती हवा

वाळूवर दोन-तीन चौरस मीटरचा छोटा ट्रेनिंग काइट फिरवायला ८ ते १२ नॉट पुरतात. पाण्यात पालथं पडून काइटच्या ओढीने जायचं, बॉडी ड्रॅग म्हणतात त्याला, ते १२ ते १५ ला छान होतं. बोर्डवर उभं राहायला १४ ते १८ सलग हवेत, कारण उभं राहायच्या क्षणी जरा जास्त ओढ लागते आणि वारा अपुरा असेल तर तुम्ही अर्धे उठून परत पाण्यात बसता, दिवसभर तेच. २० च्या वर सुरुवातीला नको. १२ च्या खाली फुगवायचा काइट पाण्यात पडला की ओला गोळा होऊन पडून राहतो, क्लासचा वेळ तो उचलण्यातच जातो आणि मीटर तुमचा चालू असतो.

वजनाचं म्हणाल तर ७५ किलोच्या माणसाला १४-१६ नॉटला साधारण १२ मीटरचा (म्हणजे चौरस मीटर) काइट, ५५ किलोच्या मुलीला त्याच वाऱ्यात ९ किंवा १०. ग्रुपने जाताना हे नक्की आधी सांगा, नाहीतर दोघांना एकच काइट आळीपाळीने देतात आणि एकाला वारा कमी पडतो, दुसरीला जास्त होतो, दोघंही म्हणतात आपल्याला जमत नाही.

कुठला महिना

गोव्यात नोव्हेंबर ते मे सीझन धरतात, पण नवशिक्याने फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते एप्रिलचा मध्य घ्यावा असं माझं मत. जमीन चांगली तापते, खारा वारा रोजच्या रोज आणि जास्त तास मिळतो. ख्रिसमसच्या सुट्टीत गर्दी डबल, खोली महाग आणि वारा अर्धा, तरी सगळे तेव्हाच जातात.

एप्रिलच्या शेवटापासून वळवाचं बघायचं. दुपारी सह्याद्रीच्या बाजूला ढग फुलकोबीसारखे वर चढायला लागले की ते पाऊस आणतील न आणतील, त्यांच्या पोटातून गार हवेचा लोट मात्र खाली येऊन बाहेर पसरतो, आणि १२ नॉटचे ३०-३५ व्हायला दोन मिनिटं पुरतात, ते पण उलट्या दिशेने. लांब गडगडलं तरी काइट उतरवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत चढवायचा नाही. हवामान खात्याचं नाऊकास्ट, म्हणजे पुढच्या तीन तासांचा अंदाज, असतं ते फोनवर ठेवा, आपलं खातं म्हणून तरी ठेवा, १९२८ मध्ये मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं म्हणून तर शिवाजीनगरला सिमला ऑफिस म्हणतो आपण. मेमध्ये अरबी समुद्रात काही शिजतंय का तेही बघायचं, २०२१ चं तौक्ते चक्रीवादळ मे महिन्यातच याच किनाऱ्याने वर सरकलं.

जून ते ऑगस्ट गोवा-कोकण विसरा. वारा प्रचंड असतो म्हणून कोणीतरी हमखास विचारतं, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मच्छीमारच समुद्रात नाही तर तुम्हाला ओढून आणणार कोण. या दिवसांत रामेश्वरम. नैर्ऋत्य मान्सूनचा वारा तिकडे पोचतो पण पाऊस पश्चिम घाटाच्या अलीकडच्या बाजूलाच सांडून झालेला असतो, त्यांचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. जमिनीचा चिंचोळा पट्टा, उत्तरेला पाल्कची सामुद्रधुनी, दक्षिणेला मन्नारचं आखात, त्यामुळे वाऱ्याच्या दिशेप्रमाणे बाजू निवडता येते आणि उथळ सपाट पाणी मिळतं. हा मान्सूनचा वारा असल्यामुळे दुपारची वाट बघत बसावं लागत नाही. फक्त तो कधीकधी २०-२५ पर्यंत जातो, तेव्हा सकाळी लवकरचा क्लास घ्या आणि काइट छोटा मागा. हिवाळ्यात डिसेंबरअखेर ते मार्च ईशान्येचा वारा असतो, तो जरा मवाळ. एप्रिल आणि ऑक्टोबर तिकडे वारा बदलायचे महिने, तेव्हा तिकीट काढू नका.

बुकिंग करताना

शनिवार-रविवार हा हिशोबच सोडा. दोन दिवसांत एक जरी दिवस ढगाळ निघाला तर अर्धा कोर्स गेला. सलग चार-पाच दिवस काढा, दोन सुट्ट्या टाका, नाहीतर लॅपटॉप घेऊन जा, सकाळी काम आणि दुपारी तीनला पाणी, खाऱ्या वाऱ्याचं टायमिंग वर्क फ्रॉम होमला बेस्ट जमतं. खोली आधी घ्या, क्लासचे तास रोजच्या रोज ठरवा. पाच-सहा दिवस आधीचा अंदाज फक्त कल कळायला, तास ठरवायला आदल्या रात्रीचा आणि त्या सकाळचा बघायचा.

पैसे भरायच्या आधी स्कूलला लेखी विचारा की वारा नसेल तर तास पुढे जातात की बुडतात, आणि काइट १५ मिनिटं उडून वारा पडला तर किती वेळ धरतात. एका ठिकाणी आम्हाला हवेची वाट बघत बसलेला वेळ पण "थिअरी" म्हणून लावला होता, तेव्हापासून हा मेसेज आधी जातो. रेस्क्यू बोट आहे का, आणि तुमच्या वजनाला किती मीटरचा काइट देणार, हेही त्याच मेसेजमध्ये टाका. दुसऱ्या प्रश्नाला "वारा किती आहे बघून सांगतो" असं उत्तर आलं तर ते स्कूल चांगलं. वारा न बघता आठवडाभर आधीच आकडा सांगितला तर दुसरं शोधा.